निकाल तिचा, पासवर्ड माझ्या वहीत



आमच्या फ्रिजवर लाल बांधणीची एक वही असते. दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, पापड लाटायला येणाऱ्या बाईंचा नंबर, सगळं त्या वहीत. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली तरी हिशोब मांडून ठेवायची सवय काही गेली नाही. वहीच्या शेवटच्या पानावर घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड. ह्यांच्या पेन्शनचा, विजेच्या बिलाचा, आणि त्याखाली माझ्या भाचीच्या विद्यापीठाच्या लॉगिनचा. आज त्या शेवटच्या ओळीबद्दल लिहिणार आहे. लिहू की नको असं पंधरा दिवस चाललं होतं, कारण यात माझी चूक आहे. शेवटी लिहिलेलं भाचीला पाठवलं. तिने लॅपटॉपवर ऐकलं आणि म्हणाली, "टाक की मावशी. फक्त माझं नाव घालू नकोस." म्हणून इथे ती नुसती भाची.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. नववीत असताना तिला तिन्हीसांजेला बस्तीच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदाच हळूहळू निकामी होतोय. आधी रात्रीचं दिसत नाही, मग कडेचं जातं, मग नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं उरतं. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण पोरगी हुशार. बी.ए.ला अर्थशास्त्रात पहिली आली आणि एम.ए.साठी आमच्याकडे पुण्यात राहायला आली. पुण्यात विद्यापीठं काही एकदोन नाहीत, त्यामुळे कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही.

तिचा लॅपटॉप बोलतो. एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम आहे, स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो सुरू केला, आणि जेम्स टेह हा त्याचा मित्र, तोही अंध, त्यात सामील झाला. तोवर असे प्रोग्राम इतके महाग होते की सामान्य घरातल्या माणसाने घ्यायचे कसे? यांनी तो फुकट वाटला. भाची तो इतक्या वेगाने ऐकते की मला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं, शब्द म्हणून एक कळत नाही. माउस ती वापरतच नाही, सगळं की-बोर्डवर. गावी जायचं रेल्वेचं तिकीट ती काढते, माझ्या मोबाइलचं बिल ती भरते, मागच्या वर्षी ह्यांच्या आयकराच्या विवरणपत्रातली चूकही तिनेच पकडली. तेव्हा कॉमर्सवाली मी शेजारीच बसले होते!

अडायचं ते एकाच ठिकाणी. विद्यापीठाच्या विद्यार्थी लॉगिनला.

तिथे नोंदणी क्रमांक, पासवर्ड आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांचं एक चित्र असायचं. ती अक्षरं ओळखून चौकटीत भरायची. याला कॅप्चा म्हणतात. हे नाव २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी रूढ केलं. समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखण्याची ही परीक्षा. यंत्राला वाकडी अक्षरं वाचता येणार नाहीत, माणसाला येतील, असा हिशोब. भाची दर वेळी या परीक्षेत यंत्रांच्या रांगेत जाऊन बसायची.

पहिल्याच महिन्यात मी म्हणाले, "दे इकडे, दोन मिनिटांचं काम." वहीत पासवर्ड लिहून घेतला. पुढची दोन वर्षं फी मी भरली, परीक्षेचा अर्ज मी भरला, हॉल तिकीट मी काढलं. खरं सांगू, मला ते आवडत होतं. मुलं परदेशी, सूनबाईंना माझ्याकडे काही विचारायला वेळ नाही, आणि इथे एक पोर रोज हाक मारतेय. दोन मिनिटांच्या कामाचं कौतुक मी बहिणीला फोनवर दहा मिनिटं सांगायचे.

जुलैत निकाल लागला. दुपारी ह्यांनी व्हॉट्सॲपवर वाचून सांगितलं. भाची ग्रंथालयात गेली होती. ती येईपर्यंत पाहून ठेवू म्हणून मी लॉगिन केलं. चार विषयांत उत्तम गुण, आणि पाचव्यापुढे 'गैरहजर'. माझ्या पोटात गोळा आला. त्या पेपरला मी स्वतः तिला रिक्षाने सोडलं होतं, लेखनिक मुलगी गेटवर भेटली होती, सगळं डोळ्यांसमोर होतं. मी बहिणीला फोन लावला. बहीण रडायला लागली. तिने जावईबापूंना सांगितलं, त्यांनी त्यांच्या भावाला. मीही शेजारच्या वहिनींपाशी बोलले. साडेपाचला भाची बसमध्ये होती, तेव्हा तिच्या चुलत बहिणीचा फोन आला, "वाईट नको वाटून घेऊस गं, पुढच्या वेळी निघेल विषय."

ती घरी आली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, माझा निकाल मला सोडून सगळ्यांना माहीत आहे."

मी काहीतरी बोलत राहिले. काळजी वाटली म्हणून, तुझी आई म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि आपल्या खोलीत गेली. त्या संध्याकाळी जेवायला आली नाही. सूर्यास्त झाला, तिचं ताट मी तसंच उचललं.

चूक विद्यापीठाची होती हे उघडच होतं. लेखनिकासह बसणाऱ्यांची हजेरी वेगळ्या कागदावर घेतात, तो कागद कुठेतरी राहिला असणार. दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांत अर्ज करायचा होता, आणि अर्ज कुठे? त्याच लॉगिनमध्ये! भाची आधी कार्यालयात गेली, कागदावर अर्ज घ्या म्हणाली. तिथल्या माणसाने सांगितलं की अर्ज ऑनलाइनच लागतो, घरात कोणी डोळस नाही का? हे तिने मला सांगितलं तेव्हा मला त्या माणसाचा राग आला. पण दोन वर्षं मीही तेच म्हणत होते, शब्द जरा बरे होते इतकंच.

तीन संध्याकाळी ती एकटी प्रयत्न करत बसली. तिसऱ्या दिवशी न राहवून मी परत म्हणाले, "दे इकडे." तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, स्क्रीनचा उजेड पूर्ण मालवला, हेडफोन माझ्या कानांत घातले, बोलण्याचा वेग माझ्यासाठी एकदम कमी केला आणि म्हणाली, "कर. वेबसाइट उघडलेली आहे. आत जा."

मैत्रिणींनो, चाळीस मिनिटं मी आत जात होते.

टॅबचं बटण दाबलं की आवाज पुढच्या जागी नेतो, एवढं तिने शिकवलं. पहिल्या चौकटीवर आवाज म्हणाला, "एडिट, ब्लँक." म्हणजे इथे काहीतरी लिहायचं आहे आणि ते रिकामं आहे. काय लिहायचं? ते नाही सांगितलं. पुढची चौकट, "एडिट, प्रोटेक्टेड, ब्लँक." हा पासवर्ड असणार, अंदाजाने. मग नुसतं "ग्राफिक". मग "बटन". मग आणखी एक "बटन". एक बटन दाबलं तर चित्र बदललं म्हणे, मला काय कळणार. दुसरं दाबलं तर कानात इंग्रजी अक्षरं आणि मागे गिरणी चालू असल्यासारखी घरघर. बी की डी की पी? तीनदा ऐकून काहीतरी भरलं, एन्टर दाबलं. शांतता. मला वाटलं झालं! भाची म्हणाली, "काही नाही झालं. वर लाल अक्षरांत 'चुकीचा कोड' आलं असणार. पण ते वाचून दाखवायची सोयच केलेली नाही, मग आवाज गप्प." आणि चौकटी सगळ्या परत रिकाम्या. दुसऱ्यांदा नोंदणी क्रमांकाच्या जागी मी पासवर्ड भरला. तिसऱ्यांदा कोड शोधत असतानाच वेळ संपली आणि पान आपोआप पहिल्यापासून सुरू झालं.

हेडफोन काढले तेव्हा माझे कान गरम झाले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. मला उगाच रडू येतं हे तुम्हाला माहीत आहे, पण हे रागाचं होतं.

भाचीने मग समजावलं. वेबसाइट बनवणारा प्रत्येक चौकटीला आतून एक नाव देऊ शकतो. एका ओळीचं काम. ते दिलं की आवाज म्हणतो, "नोंदणी क्रमांक, एडिट." नाही दिलं तर नुसतंच "एडिट". आपल्या मांडणीवर एकसारखे वीस स्टीलचे डबे असतात, वर काचेचं झाकण. पाहणाऱ्याला आतला जिरं-मोहरी दिसते, म्हणून चिठ्ठी लावायचं कुणाच्या मनात येत नाही. झाकण न दिसणाऱ्याने काय करायचं, प्रत्येक डबा उघडून वास घ्यायचा? इथे तर तीन डबे चुकले की स्वयंपाकघराचं दारच बंद होतं.

हे सगळं कसं असावं याचे नियम जगाने कधीच लिहून ठेवलेत, हे मला तेव्हा कळलं. वेबची मानकं ठरवणारी संस्था आहे, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम. चित्राला पर्यायी शब्द द्या, हे त्यांच्या १९९९ च्या पहिल्या नियमावलीतच आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत लॉगिनसाठी वेगळा नियम आला: आत येण्यासाठी कुणाला कोडं सोडवायला किंवा पाठ केलेलं आठवायला भाग पाडायचं असेल तर सोबत दुसरा सोपा मार्ग ठेवा. पासवर्ड चिकटवू द्या हे त्यातच येतं. हा नियम तर माझ्याच उपयोगाचा! किती वेबसाइटवर पासवर्ड कॉपी करून चिकटवू देत नाहीत आणि मी वही धरून एकेक अक्षर टिपत बसते. आणि आपला देशही मागे नाही, निदान कागदावर. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यात उच्च शिक्षणसंस्थांमध्ये किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. त्याच कायद्यात, सेवा देणाऱ्या सरकारी-खासगी सगळ्यांनी नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांत त्या सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या आहेत. नियम आले २०१७ मध्ये. दोन वर्षं कधीच होऊन गेली. म्हणजे भाचीला जागा कायद्याने मिळाली, आणि त्या जागेवर बसायला जाण्याच्या दाराला त्याच कायद्याकडे न बघता कुलूप लावलं.

असो. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी चार वाजता भाची स्वयंपाकघरात आली. "मावशी, फक्त ती अक्षरं वाच. बाकी मी करते." मी ओल्या हाताने वहीकडे वळले, तर म्हणाली, "वही नको. पासवर्ड मी टाकते. तू चित्र वाचायचं." मी वाचलं. चूक निघालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालीत, पण तो शून्य होता की ओ, हे देवाला माहीत. पुन्हा वाचलं, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चूक झाली आणि खातं अर्ध्या तासासाठी बंद! ह्यांना हाक मारली. ह्यांनी चष्मा बदलून पाहिलं आणि म्हणाले, हे मराठीत आहे का? आम्हा तिघांत मिळून एकही डोळा त्या परीक्षेला पुरेसा नव्हता. भाची हसायला लागली. आठवडाभरानंतर ती पहिल्यांदा हसली. शेवटी पाच वाजून गेल्यावर आत गेलो. अर्ज तिने स्वतः लिहिला, मला बाजूला खुर्चीवर बसवून. पाठवला तेव्हा उन्हं उतरली होती आणि माझी कणीक भिजवायची राहिली होती. त्या दिवशी पोहे.

त्याच आठवड्यात तिने विद्यापीठाला पत्र लिहिलं. मला वाटलं होतं तक्रार असेल. तिने कुठे काय अडतं ते एकेक करून लिहिलं होतं, चौकटीला नावं द्या, चूक झाली की ती आवाजाला कळू द्या, चित्राऐवजी शब्दांत प्रश्न विचारा किंवा मोबाइलवर कोड पाठवा, वेळ वाढवून मागायची सोय द्या. खाली सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जोडले. एक ८ नोव्हेंबर २०२४ चा, राजीव रतुरी यांच्या खटल्यातला. सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा, असं न्यायालयाने सरकारला सांगितलं. दुसरा ३० एप्रिल २०२५ चा. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाई. बँकेत खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणाले, आणि त्यांना ती करताच येत नव्हती. त्यांच्यासोबत दुसरे याचिकाकर्ते होते अमर जैन, स्वतः अंध असलेले वकील. (आडनाव वाचून मी उगीचच खुर्चीत सरळ बसले, हे कबूल करते.) डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं आणि ओळख पटवण्याच्या पद्धती बदलायला वीस निर्देश दिले.

वाचताना मला सासूबाई आठवल्या. रेशनच्या यंत्रावर त्यांचा अंगठा उमटायचा नाही. आयुष्यभर भांडी घासून, पीठ मळून रेषाच राहिल्या नव्हत्या. त्या दर वेळी आपलीच चूक असल्यासारखा अंगठा पदराला पुसायच्या.

कॉमर्सला शिकलेलं एक माझ्या पक्कं लक्षात आहे. कोऱ्या चेकवर सही करून कुणाला देऊ नये, सख्ख्या भावालाही नाही. भाचीने मला दोन वर्षं तसा चेक दिलेला होता, कारण न देऊन तिला चालणार नव्हतं. आणि मी तो वटवला. आता तुम्हीच मनाशी मोजा, आपल्यापैकी कितीजणींचा बँकेचा पासवर्ड मुलाकडे किंवा सुनेकडे आहे. अक्षर बारीक दिसतं, ओटीपी येईपर्यंत स्क्रीन जाते, म्हणून दिला. मुलगा गुणी आहे, प्रश्न त्याचा नाही. पण मागच्या महिन्यात कुणाला किती दिले हे आपल्याआधी त्याला माहीत असतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं. क्षमावाणीच्या सकाळी मी नेहमीसारखा 'उत्तम क्षमा'चा संदेश एकशेचाळीस जणांना पाठवला. भाचीलाही गेला असणार, ती त्याच यादीत आहे. मग मोबाइल ठेवला आणि तिच्या खोलीत गेले. "निकाल मी पाहायला नको होता," म्हणाले, "आणि पाहिला तर सांगायला नको होता." ती म्हणाली, "मावशी, मला राग तुझा कमी आला होता. मला एकटीला पाहता आला असता तर तू पाहिलाच नसतास." मग थोडं थांबून, "पण तुझाही आला होता." बरं वाटलं. लगेच माफ केलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

'गैरहजर' दुरुस्त व्हायला ऑक्टोबर उजाडला. गुण एकाहत्तर. ते तिने मला सांगितले, आधी तिच्या आईला, मग मला.

पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर आलं होतं, आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. आम्ही ते विसरूनही गेलो. नोव्हेंबरात एका सकाळी भाची खोलीतून ओरडली. पळत गेले तर म्हणे ऐक. तिने आवाज मोठा केला. "नोंदणी क्रमांक, एडिट, ब्लँक." मग पासवर्डचं नाव. मग चित्राच्या जागी शब्दांत प्रश्न, पंधरातून सहा वजा केल्यास किती. तिने नऊ भरलं आणि आत गेली. मला विचाराल तर तेही गणित कशाला हवं, गणिताची भीती असलेलं लेकरू असेल तर? आणि वेळ संपली की पान अजूनही बाहेर फेकतं, फीच्या पावतीचं बटण अजूनही माउसशिवाय दाबलं जात नाही. तिने दुसरं पत्र लिहायला घेतलंय.

त्याच दिवशी तिने पासवर्ड बदलला. "तुला सांगू का नवा?" म्हणाली. मी नको म्हणाले, पण क्षणभर थांबून म्हणाले, हे तिला ऐकू गेलं असणार. वहीतल्या जुन्या ओळीवर रबर फिरवला नाही. हिशोबात खाडाखोड करायची नसते, आडवी रेघ मारून शेजारी आपली सही करायची असते. तशी केली.

काल तिने पुन्हा हाक मारली. शिष्यवृत्तीच्या अर्जात फोटो पन्नास केबीपेक्षा मोठा चालत नाही आणि चेहरा नीट मध्ये आलाय का ते बघायचं होतं. गॅस बंद करून गेले. फोटोत तिच्या मागे माझी पापडाची परात दिसत होती.